दार कोणी उघडलं?

भुताच्या सिनेमाचे आम्ही जुने गिऱ्हाईक. लहानपणी गल्लीत वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणायचा, रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर', 'वीराना' रात्रभर बघायचे आणि मग अंधारात बाहेर जायला सोबत शोधायची, असे ते दिवस. त्यामुळे सुट्टीत पुण्याहून लोह्याला आलेला पुतण्या म्हणाला, "काका, आज तुम्हाला खरा भीतीचा पिच्चर दाखवतो," तेव्हा आम्ही मिशीतल्या मिशीत हसलो. सिनेमा होता 'एलियन', साल १९७९, दिग्दर्शक रिडली स्कॉट. इतका जुना, पण आम्हाला बघायचा योग आत्ता आला. इंग्रजी असल्यामुळे पुतण्या मायला मधूनमधून मराठीत सांगत होता.

सुरुवातीला वाटले, हा भीतीचा नव्हे, युनियनचा सिनेमा आहे. 'नोस्ट्रोमो' नावाचे अंतराळातले मालवाहू जहाज, खनिजाचा अवाढव्य कारखाना ओढत पृथ्वीकडे निघालेले. माणसे सात. त्यातले पार्कर आणि ब्रेट खाली इंजिनाकडे राबणारे. त्यांची पहिली तक्रार काय, तर बोनसमध्ये आमचा वाटा कमी का? आम्ही पडलो बी.कॉम.; बोनस म्हटले की कान टवकारतात. आपल्याकडे १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के तरी बांधून दिले होते. यांच्या करारात उलटेच कलम! वाटेत कुठून संकेत आला तर जाऊन बघायचेच. नाही गेलात तर सगळा वाटा जप्त. बिचारे जातात.

तिथे केन नावाच्या माणसाच्या तोंडाला खेकड्यासारखा एक प्राणी चिकटतो. सोबती त्याला जहाजाच्या दारापर्यंत आणतात. कॅप्टन बाहेर, म्हणून आत अधिकार रिप्ली या बाईचा. ती म्हणते, नियमाप्रमाणे चोवीस तास वेगळे राहा, मगच आत. कॅप्टन हुकूम सोडतो, तरी ती हलत नाही.

आमची माय भडकली. "लई दगडाच्या काळजाची बाई! लेकरू मरायलं की तिकडं." तेवढ्यात अ‍ॅश नावाच्या शास्त्रज्ञाने दार उघडले. माय म्हणाली, "हा माणूस चांगला."

पुतण्या पडद्याकडे बघतच बोलला, "काका, तुम्ही पण उघडलं नव्हतं."

मे २०२०. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचे आणि नोंदीचे रजिस्टर आमच्याकडे. धाकटा भाऊ, भावजय आणि हा पोरगा, तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, भर उन्हात येऊन उभे राहिले. घर हाकेच्या अंतरावर. भाऊ म्हणाला, "दादा, एक रात्र. मायचं तोंड बघतो अन् सकाळी येतो." आम्ही रजिस्टर पुढे सरकवले आणि सही घेतली. दुसऱ्या दिवशी आमची ड्यूटी दुसरीकडे लागली. डबा रोज जायचा, पण दुसऱ्याच्या हाताने. तिघांनाही काही झाले नाही. तेव्हापासून भाऊ आमच्याशी कामापुरते बोलतो.

सिनेमा काही थांबला नाही. केन शुद्धीवर येतो, सगळे हसतखेळत जेवायला बसतात, आणि त्याची छाती फोडून ते पिल्लू बाहेर! रक्त किती उडणार हे नटांनाही पूर्ण सांगितलेले नव्हते. आमच्या सौ. भांडी घासायच्या निमित्ताने उठल्या, त्या परत आल्याच नाहीत. पुढे तो प्राणी दिसतो तसा थोडाच. त्याचे रूप गीगर या स्विस चित्रकाराने रेखाटले आणि पोशाखाच्या आत होता बोलाजी बडेजो, लंडनमध्ये शिकणारा, सात फुटांना थोडाच कमी असलेला नायजेरियन तरुण. मांत्रिक नाही, त्रिशूळ नाही. नुसते अंधारे बोळ आणि ठिबकणारे पाणी. आमची मिशी केव्हाच खाली आली होती.

मग रिप्ली जहाजाच्या मुख्य संगणकाला जाब विचारते. संगणकाचे नाव 'मदर'. उत्तर येते ते कंपनीच्या गुप्त हुकमाचे: प्राणी आणा, माणसे गेली तरी चालतील. दार उघडणारा अ‍ॅश हा मुळात माणूसच नव्हता, तर कंपनीने बसवलेले यंत्र होते.

"मायचं नाव लावून असं करतेत व्हय?" माय म्हणाली. मग जरा वेळाने, "ती पोरगी बरोबर होती म्हण की."

आम्ही गप्प. नियम रिप्लीचा खरा, आमचाही खरा. पण त्या चौदा दिवसांत एकदा शाळेच्या फाटकाबाहेर, लांबच का होईना, जाऊन उभे राहिलो असतो तर कोणता नियम मोडत होता?

शेवटी रिप्ली एकटी उरते. मांजराची पेटी उचलून पळत असते, मायचा सगळा जीव त्या मांजरात, आणि नेमका भावाचा फोन. तो रोज रात्री मायला फोन करतो. पुतण्याने सिनेमा थांबवला. "बाबा, काका एलियन बघायलेत," म्हणाला आणि फोन आमच्या हातात दिला.

"दाराचा सीन झाला?" भावाने विचारले.

"झाला."

"माय काय म्हणली?"

"आधी त्या बाईलाच शिव्या दिल्या."

तो हसला. मग म्हणाला, "मायला सांग दादा, मांजर वाचतं."