गाडीतळ कोणासाठी?

शहराच्या मध्यभागी गाडीतळ असावा तो कशासाठी, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांस कधी पडला नसता. ज्याच्या दारी स्वतःची बग्गी किंवा मोटार उभी असे, त्याचा प्रवास त्याच्या उंबरठ्यापासून सुरू होऊन दुसऱ्याच्या उंबरठ्याशी संपे. त्याला गाडीतळाशी काय कर्तव्य? गाडीतळ हा, ज्यास स्वतःचे वाहन नाही अशा माणसाचा हक्काचा उंबरठा होय. बोचके काखेत मारून एका गाडीतून उतरावे आणि चार पावले चालून दुसरीत बसावे, इतकाच त्याचा हेतू. आणि म्हणूनच तो जितका गावाच्या पोटात व जितका एका वाहनास दुसरे वाहन लागून असेल तितका तो चांगला.

ही व्याख्या साधी आहे व ती आजवर कोणी खोडून काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु अलीकडे नगररचनेच्या प्रांतात स्थानकाभिमुख विकास या नावाची जी विद्या उदयास आली आहे, तिच्या हाती पडून ही व्याख्या न बोलता बदलून गेली आहे. नव्या व्याख्येप्रमाणे, ज्याच्याभोवती जमिनीचा भाव चढतो ते ठिकाण म्हणजे गाडीतळ. या दोन व्याख्यांमध्ये अंतर किती, असे कोणी विचारील तर पुण्यापुरते तरी त्याचे उत्तर देता येते: दोनएक किलोमीटर. कारण शिवाजीनगरचे एस.टी.चे स्थानक तेथून उचलून वाकडेवाडीस नेले, ते येवढ्याच अंतरावर.

ही हकीकत पुणेकरांस ठाऊक आहे. परगावच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. शिवाजीनगर, म्हणजे जुने भांबुर्डे, येथे मुंबईच्या लोहमार्गावरील रेल्वेस्थानक आणि त्याला लागूनच एस.टी.चे स्थानक, अशी जोडी पिढ्यानुपिढ्या नांदत होती. नाशिक, खानदेश, मराठवाडा, विदर्भ या दिशांकडील गाड्या येथूनच सुटत व येथेच येत. पुढे या जागेच्या पोटात मेट्रोचे भुयारी स्थानक खोदावयाचे ठरले. त्याकरिता २०१९ च्या अखेरीस एस.टी.चे स्थानक वाकडेवाडीस हलविण्यात आले. हे स्थलांतर तात्पुरते आहे, असेच तेव्हा सांगण्यात आले होते. रेल्वे, एस.टी. आणि मेट्रो यांचा त्रिवेणी संगम घडणार असेल, तर चार वर्षांची गैरसोय कोण सोसणार नाही? लोकांनी ती निमूटपणे सोसली. १ ऑगस्ट २०२३ रोजी शिवाजीनगरच्या भुयारी स्थानकातून मेट्रो धावू लागली. वरची एस.टी. मात्र परतली नाही. संगमासाठी घाट बांधून झाला आणि तीनांपैकी एक नदीच तेथून वळविलेली राहिली.

ती का परतली नाही? स्थानक पूर्वी होते तसे पुन्हा उभारणे हे काही अवघड काम नव्हे. चार फलाट, एक छप्पर, पाण्याचे नळ, शौचालये आणि चौकशीची खिडकी, येवढ्यावर एस.टी.चा संसार आजवर चालत आला आहे. पण मधल्या काळात त्या जागेकडे पाहण्याची दृष्टी पालटली. मेट्रोच्या स्थानकांभोवती ५०० मीटरांच्या परिघात अधिमूल्य भरून ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक मिळण्याची सोय शासनाच्या नियमांनी केलेली आहे. म्हणजे एक एकर भूमीवर चार एकर बांधकाम. अशा भूमीवर केवळ गाड्या उभ्या कराव्या आणि शेतकरी, विद्यार्थी व रोगी यांस बाकांवर बसवावे, हा हिशेबी माणसास मोठा अपव्यय वाटल्यास नवल नाही. तेव्हा खाजगी भांडवलाच्या भागीदारीने तेथे व्यापारी संकुल उभारावे व त्यातच स्थानकासही जागा द्यावी, अशी योजना पुढे आली आणि तिच्या करारमदारांत वर्षांमागून वर्षे गेली. घरमालकाने भाडेकरूस डागडुजीचे निमित्त सांगून बाहेर काढावे आणि मग त्या घराची किंमत करीत बसावे, त्यातला हा प्रकार. फरक इतकाच की येथे बाहेर काढलेला भाडेकरू हाच खरा मालक आहे. कारण ती भूमी सार्वजनिक असून एस.टी. त्याच्याच तिकिटाच्या पैशावर वाढलेली आहे.

दोन किलोमीटर म्हणजे काही मोठा पल्ला नव्हे, असे मोटारीत बसलेला मनुष्य म्हणेल. त्याने तो पल्ला पहाटे साडेतीन वाजता, हाती पेटी व सोबत आजारी म्हातारी माणसे घेऊन चालून पाहावा. मराठवाड्यातून ससून रुग्णालयात येणारा, न्यायालयाच्या तारखेस येणारा, परीक्षेस येणारा असा जो वर्ग आहे, त्यास त्या वेळी रिक्षावाल्याच्या तोंडून निघेल तो आकडा मान्य करावा लागतो. शासनाने २०२२ साली ७५ वर्षांवरील वृद्धांस एस.टी.चा प्रवास मोफत केला आणि २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस निम्मे तिकीट लागू केले. या दोन्ही गोष्टींबद्दल आम्ही शासनास धन्यवादच देतो. परंतु एका हाताने तिकिटात दिलेली सवलत दुसऱ्या हाताने रिक्षाभाड्यात काढून घेतली जात असेल, तर ती वृद्ध स्त्री घरी जाऊन हिशेब कसा मांडील, याचाही विचार व्हावयास हवा.

आमची तक्रार केवळ पुण्यापुरती आहे, असे कोणी समजू नये. हा रोग जगभरचा आहे आणि त्याचे लक्षण एकच: भोवतालची इमारत आधी आणि वाहन मागाहून. ज्या देशाकडे आमचे नगररचनाकार आदराने पाहतात, त्या अमेरिकेतीलच एक उदाहरण देतो. सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या मध्यभागी १९३९ साली एक भव्य स्थानक उघडले. खाडीवरील पुलावरून येणाऱ्या विजेच्या आगगाड्या तेथे येऊन थांबत. १९५८ साली त्या बंद पडल्या व स्थानक केवळ बसगाड्यांचे राहिले. १९९९ साली शहरातील मतदारांनी मत देऊन ठरविले की, दक्षिणेकडून येणारी कॅलट्रेन नावाची आगगाडी शहराच्या कडेला थांबते ती पुढे आणून या नव्या स्थानकात पोहोचवावी. जुनी इमारत २०१० साली बंद झाली. नवीन स्थानकाच्या खर्चाचा बराच भाग भोवतालच्या सार्वजनिक भूमीच्या विक्रीतून उभा करावयाचा होता. त्यांपैकी एकाच तुकड्याचे २०१३ साली सुमारे १९ कोटी डॉलर आले व त्यावर ३२६ मीटर उंचीचा, ६१ मजल्यांचा मनोरा उभा राहिला. मनोऱ्यातील मुख्य भाडेकरू कंपनीने २०१७ साली २५ वर्षांकरिता ११ कोटी डॉलर देऊन स्थानकास स्वतःचे नाव लावून घेतले. स्थानकाच्या गच्चीवर ५ एकरांहून मोठे उद्यान फुलले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते मोठ्या समारंभाने उघडले आणि सुमारे सहा आठवड्यांतच पोलादी तुळयांस तडे गेलेले आढळल्याने बंदही करावे लागले. बसगाड्या तेथे परत आल्या त्या २०१९ च्या ऑगस्टात.

आणि ती आगगाडी? तिच्यासाठी स्थानकाच्या तळाशी कोट्यवधी डॉलर ओतून प्रशस्त तळघर बांधून ठेवले आहे. ते रिकामे आहे. गाडी अद्याप पूर्वीच्याच ठिकाणी, तेथून सुमारे दोन किलोमीटर अलीकडे, थांबते. मनोरा आला, उद्यान आले, नाव आले. ज्या गाडीसाठी मतदारांनी कौल दिला ती तेवढी आली नाही. आमच्याकडील म्हण अशा ठिकाणी चपखल बसते: नाकापेक्षा मोती जड.

यावर प्रतिपक्ष जो सर्वांत सबळ मुद्दा मांडू शकेल तो आम्हीच मांडतो. तो म्हणेल, "स्थानकाच्या भूमीतून पैसा काढणे हे जर पाप असेल, तर जपानातील उत्तमोत्तम रेल्वे कंपन्या पापीच म्हणावयास हव्यात. तिकिटाच्या उत्पन्नावर जगातील कोणती वाहतूक स्वतःच्या पायांवर उभी आहे? एस.टी. तोट्यात आहे, तिच्यापाशी भूमी आहे, त्या भूमीने तिला पोसावे यात वावगे काय?"

यात वावगे काही नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. जपानातील कोबायाशी इचिझो या गृहस्थाची गोष्ट या पक्षाचे लोक आवडीने सांगतात; ती आम्हांसही आवडते. त्याने ओसाका शहराबाहेर रेल्वे बांधून मार्गालगतच्या भूमीवर घरे विकली आणि शहरातील उमेदा या अंतिम स्थानकावर मोठे पण्यालय थाटले. परंतु त्या गोष्टीतील सन त्यांनी नीट वाचावे. कोबायाशीची गाडी १९१० च्या मार्चमध्ये धावू लागली. इकेदा येथील घरांची विक्री त्यानंतर त्याच वर्षी सुरू झाली. आणि उमेदाचे पण्यालय उघडले ते १९२९ साली, म्हणजे गाडी रोज धावून उतारूंची रीघ लागल्यावर एकोणीस वर्षांनी. तेथे दुकान गाडीच्या मागून आले व गाडीने आणलेल्या माणसांवर जगले. कोबायाशीने उतारूस बाहेर काढून त्याच्या जागी दुकान मांडले नाही. त्याच्या पद्धतीतील नफा तेवढा घ्यावा आणि क्रम टाकून द्यावा, याला अनुकरण म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, स्थानकाभोवती दाट वस्ती झाली म्हणजे लोक मोटारी सोडून गाडीने जाऊ लागतील व शहराचा धूर कमी होईल. तत्त्व म्हणून हे आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु दाट वस्ती कोणाची, हा प्रश्न त्या तत्त्वात उरतोच. चौपट बांधकामाचे अधिमूल्य भरून जी घरे व कचेऱ्या निर्माण होतील, त्या घेण्याची ज्याची ऐपत आहे त्याच्याजवळ मोटारही असते आणि ती ठेवण्यासाठी तळघरही बांधले जाते. ज्याच्याजवळ मोटार नाही तो वाढलेल्या भाड्यापुढे हटत हटत शहराच्या कडेला जातो. मग स्थानकाशेजारी मोटारवाला आणि स्थानकापासून दूर एस.टी.वाला, असा उलटा संसार मांडला जातो. ज्या सॅन फ्रॅन्सिस्कोस आम्ही नावे ठेवली, तेथेदेखील या स्थानकाच्या परिसरातील नव्या घरांपैकी ३५ टक्के घरे सामान्यांच्या आवाक्यातील असावीत, असा कायद्याचा दंडक आहे. दोष घेताना तो दंडक घ्यावयाचे आम्ही विसरू नये.

तिसरी गोष्ट मुदतीची. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने एस.टी.च्या जागा भाडेपट्ट्याने देण्याची मुदत ६० वर्षांवरून वाढवून ४९ अधिक ४९, म्हणजे ९८ वर्षे, करण्यास मान्यता दिली. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. तिच्या आजवरच्या सबंध आयुष्याहूनही हा पट्टा लांब आहे. आज सही करणाऱ्यांपैकी कोणीही त्याची अखेर पाहावयास असणार नाही. असा करार करण्यास आमची हरकत नाही. पण जो करार तीन पिढ्यांस बांधतो त्यातील प्रत्येक कलम आजच्या पिढीस वाचावयास मिळाले पाहिजे.

तेव्हा आमचे मागणे येवढेच आहे, आणि ते शिवाजीनगरास जितके लागू आहे तितकेच पुढे ज्या ज्या गावच्या स्थानकाची पाळी येईल त्यासही. पहिले: कोणतेही स्थानक जागेवरून हलविण्यापूर्वी त्याच्या परतीची तारीख करारात लिहावी व ती चुकल्यास दंड कोणी भरावयाचा तेही लिहावे. दुसरे: परत येताना एस.टी. आधी यावी, तिच्या गाड्या फलाटास लागल्यानंतर मगच वरच्या मजल्यावरील दुकानांची कुलुपे उघडावीत. तिसरे: जमिनीलगतचा मजला उतारूचा असावा, पाणी, शौचालय, बाक आणि रेल्वे व मेट्रोकडे जाणारी सरळ वाट त्यास दुकानांच्या चक्रव्यूहात न शिरता मिळावी. चौथे: भूमीपासून जे उत्पन्न येईल त्याचा हिशेब दरसाल प्रसिद्ध व्हावा, आणि त्यातून किती गाड्या नव्या आल्या व किती खेड्यांस फेऱ्या वाढल्या हे त्यात दाखवावे. भूमीने एस.टी.ला पोसावे असे म्हणणाऱ्यांनी, भूमी कोणाला पोसते आहे, हे दाखविण्यास कचरू नये.

यांतील एकही मागणे अशक्य नाही व एकासही नवे तंत्र लागत नाही. लागते ती एवढीच आठवण की, मेट्रो, मनोरा आणि बाजार या सर्वांच्या आधी त्या जागी एक माणूस गाडीची वाट पाहत उभा होता, आणि ही सारी उठाठेव त्याच्या नावाने चालली आहे. त्याला त्याची जागा परत द्यावी. मग तिच्यावर किती मजले चढवावयाचे ते खुशाल ठरवावे.