कामावरचे अध्यात्म मोजायचे कोणाचे? मजुराचे की मालकाचे?

कर्जत-कशेळे परिसरात गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि रिसॉर्ट भराभर वाढले. मुंबई-पुण्याच्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना इथे आणतात. नुसती सहल नसते आता. ध्यान, मौन, तणावमुक्ती असे सत्र असते आणि निघताना मोबाईलवर प्रश्नावली. कामात अर्थ वाटतो का? सहकाऱ्यांशी आपलेपणा आहे का? कंपनीच्या मूल्यांशी मन जुळते का? एक ते पाच गुण द्या.

ही पद्धत नवी नाही. अ‍ॅशमॉस आणि ड्यूचॉन या अभ्यासकांनी २००० साली कामाच्या ठिकाणचे अध्यात्म मोजण्याची प्रश्नावली मांडली. २००३ मध्ये मिलिमन आणि सहकाऱ्यांनी अर्थपूर्ण काम, समूहभावना आणि संस्थेच्या मूल्यांशी जुळणी या तीन बाबींवर भर दिला. आमच्या समाजाला मुळात 'अध्यात्म' हा शब्दच खटकतो, कारण त्यात आत्मा दडलेला आहे आणि तथागतांनी तो नाकारला. पण शब्दाचा वाद बाजूला ठेवू. मोजमापालाही आमचा विरोध नाही. ध्यानाला तर नाहीच, आपले कितीतरी बांधव इगतपुरीला जाऊन येतात.

आमचा आक्षेप एवढाच की प्रश्न फक्त राबणाऱ्याला विचारले जातात. गुण कमी पडले तर दोष त्याच्या मनाचा, म्हणून त्याला आणखी एक शिबिर. आणि नोकरीची धास्ती असलेला माणूस पाचपैकी पाचच देणार, हे सांगायला संशोधन लागत नाही.

धम्मात याचे माप आधीपासून आहे, आणि ते मालकाला लावलेले आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोडात वाटा देणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. यातले एकही कर्तव्य मनाच्या आत डोकावून तपासावे लागत नाही. हजेरीपट आणि पगाराची वही पुरते.

शिबिरार्थी डोळे मिटून बसलेले असतात तेव्हा मागच्या मोरीवर वाडीवरच्या बाया भांडी घासत असतात. त्यांना कोणी प्रश्नावली देत नाही. आम्ही त्यांच्याशी या पाच मुद्द्यांवर बोललो. आजारी पडले की त्या दिवसाची मजुरी बुडते. हंगामात आठवड्याची सुट्टी नाही. एक बाई हसून म्हणाली, "गोडधोड मिलतं ताई, सुट्टीच मिलत नाय." हजेरीपटावर नाव आहे का, हे तिला माहीत नव्हते. याच कर्जत तालुक्यात कोंढाण्याच्या बौद्ध लेणीवर कान्हाचा शिष्य बालक याचे नाव कोरलेले आहे, घडवणारा म्हणून. त्याला दोन हजार वर्षे झाली.

हा प्रश्न आज तातडीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खाजगी कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला दुप्पट मोबदला आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. हे ४८ तास कुठून आले? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये कारखाना कायदा दुरुस्त होऊन आठवड्याची मर्यादा ५४ वरून ४८ वर आली. आता खालापूर-खोपोली पट्ट्यातला कंत्राटी कामगार संमतीचा कागद पुढे आल्यावर नाही म्हणू शकेल का? त्याची सही आणि शिबिरातले पाचपैकी पाच गुण यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. बारा तास उभा राहून खोलीवर परतणाऱ्याला सकाळी ध्यानाला बसवले तर तो झोपेल, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

सुत्तातले पाच मुद्दे आम्ही साध्या मराठीत एका कागदावर उतरवले आणि परिसरातल्या एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला दिले. मालकाने स्वतःला गुण द्यायचे, शेजारच्या रकान्यात कामगारांनी द्यायचे, नाव न लिहिता. त्यांनी कागद नीट वाचला. पहिल्या चार मुद्द्यांना त्यांची हरकत नव्हती. सुट्टीच्या मुद्द्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, पावसाळ्याचा हंगाम संपू द्या, मग बोलू.