'चाचा' कोणाला म्हणावे?

कान्होजी आंग्र्यांविषयी लिहिताना काही मराठी लेखकही 'चाचा' हा शब्द बिनदिक्कत वापरतात, याचे आम्हांला वैषम्य वाटते. आमच्या ओतूरपासून नाणेघाट फार लांब नाही. तेथील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. त्यावरून सातवाहनांना कोणी दरोडेखोर ठरविलेले नाही. मग समुद्रावर दस्तक मागणारा तेवढा लुटारू कसा? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात परवान्याची सक्ती केली आणि परवाना नसलेली जहाजे धरली. ती म्हणे सत्ता! आंग्र्यांनी जहाजे लुटली नाहीत असे नव्हे. पण हा पंक्तिप्रपंच कंपनीच्या दप्तरातला आहे, आणि भाषांतर करताना आपण तो जसाच्या तसा उचलला.

वारा पडला, की वल्ह्यांच्या गलबतांनी गुराबा ओढीत न्यायच्या आणि अवजड जहाजाच्या पिछाडीवर तोफा डागायच्या, हा गनिमी कावाच. शिवनेरीच्या छायेत राहणाऱ्या आम्हांला तो डोंगरात गौरवास्पद आणि पाण्यात निंद्य कसा वाटावा? १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम कुलाब्यापुढे फसली. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा मात्र पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती.