चुलीला दंड करू पाहणाऱ्यांस

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक संकेत आहे. परंतु पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे पाणी अजून पुष्कळ घरी बंबातच तापते आणि बंबात लाकूड नाही तर कोळसाच पडतो. तेव्हा विषय घरातला आहे. वाचकांनी करंजी खात खात ऐकावा.

मुंबईच्या हवेविषयी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी हुकूम केला की, लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी व खाणावळींनी सहा महिन्यांत भट्ट्या बदलाव्यात. आधी वर्षाची मुदत होती, ती निम्मी झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बेकरी हा धंदा आहे. भट्टीचा खर्च पावाच्या लादीवर चढवता येतो. पण तेव्हापासून आमच्या बुलढाण्याकडेही काही सद्गृहस्थांना स्फुरण चढले आहे. खेड्यातल्या चुलीवरही कायद्याने बंदी आणा, जिच्या घरातून धूर निघेल तिला दंड लावा, चार महिन्यांत सुधारतील, हे शब्द मी शिक्षकांच्या एका बैठकीत कानांनी ऐकले. बोलणारे गृहस्थ पुढच्याच रविवारी मलकापूरच्या रस्त्यावर ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी लावलेल्या ढाब्यात सहकुटुंब जेवताना दिसले. त्यांनी भाकरी दोनदा मागवली.

मी चुलीची वकील नाही, हे आधीच सांगून टाकते. चुलीवरच्या भाकरीचे गोडवे गाणारे आमचे लेखकबंधू, ज्यांनी आयुष्यात फुंकणी ओठाला लावली नाही, त्यांच्यावरही माझा तेवढाच राग आहे. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या आणि अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या पेटवून पाहाव्यात. चवीचे काव्य तिथल्या तिथे विझते. माझ्या आईने चाळीस वर्षे चूल फुंकली आणि म्हातारपणी पुढची वीस खोकण्यात काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने एकट्या भारतात स्वयंपाकाच्या अशा धुराने पाच लाखांच्या आसपास माणसे मरत होती, आणि हा आकडा खुद्द सरकारनेच उज्ज्वला योजनेच्या कागदावर छापला. धूर वाईट आहे, हे बाईला पटवून द्यायला कोणी सभा भरवू नये. तिला ते आधीपासून माहीत आहे, डोळे चोळता चोळता.

मग ती चूल सोडत का नाही? याचे उत्तर तिच्या कनवटीला आहे. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला निघाली आणि जोडण्या दहा कोटींच्या वर गेल्या. शेगडी आली, सिलिंडर आले, फोटो निघाला. पुढे महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात हिशेब मांडला, तेव्हा या कुटुंबांचा खप वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर निघाला. पाच माणसांच्या घरात सिलिंडर महिना-दीड महिना पुरते. म्हणजे बाकीचे आठ-नऊ महिने भाकरी कशावर भाजली गेली, हे सांगायला गणिताचा मास्तर नको. २०२३ साली भाव अकराशेच्या पुढे गेला. मग तीनशे रुपयांची सूट आली, २०२४ साली राज्याने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर फुकट देण्याचे ठरवले. चांगले केले. पण चौथ्याचे काय? माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला मी हेच विचारले, तर ती म्हणाली, “बाई, सिलेंडर भरलं तं लेकराईले चपला कशानं घेऊ? पऱ्हाटी तं वावरातच उभी हाय.” कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायचीच असते, तुरी झोडल्या की तुराट्या उरतातच. ते सरपण तिला पैशाने घ्यावे लागत नाही. गॅस पाहुण्यांच्या चहापुरता.

निर्धूर चुलीचेही असेच झाले. १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. चूल मातीची, धुराडे पत्र्याचे किंवा सिमेंटच्या नळीचे. धुराडे तुंबले, ते साफ करायला कोणी फिरकले नाही. ज्या हातांनी चूल वापरायची होती, त्या हातांना घडवताना कोणी विचारले नव्हते.

बंदीवाले विलायतेचा दाखला देतात, म्हणून तोही पाहू. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे धुके बसले, हजारो माणसे गेली, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. घरातल्या कोळशावर खरोखरच निर्बंध आले. मात्र त्याच कायद्यात असेही होते की, जुन्या घरांतली शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाचे दहांतले निदान सात हिस्से नगरपालिकेने भरून द्यावेत, आणि त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीने उचलावा. आमचे दंडप्रेमी हे कलम वाचायचे विसरतात.

जंगलाच्या कडेचे हाल तर निराळेच. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, पावलापावलाची नोंद होत होती, वर्तमानपत्रांत कौतुक झाले. मलाही आनंद झाला. त्याच जंगलाच्या काठाने डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बाईची पावले कोणी मोजली? तिची नोंद होते ती गार्डाने मोळी उतरवली तरच. अभयारण्यालगतच्या गावांना सवलतीत गॅस देण्याची वनखात्याची योजना आहे आणि ती योग्य दिशेची आहे. पण तिथेही सवलत संपली की पुढची सिलिंडरे बाईच्या मजुरीतून.

माझी मागणी साधी आहे. वर्षाची आठ-नऊ सिलिंडरे गरीब घराला परवडतील अशा भावात, तालुक्याला खेटे न घालता, दारात मिळू द्या. दोन वर्षे सलग मिळू द्या. मग खुशाल दंडाचे पुस्तक छापा.

आणि छापलेच, तर पहिली पावती कुठे फाडायची तेही ठरवून ठेवा. परवापरवापर्यंत आमच्या शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीडशे पोरांच्या पोषण आहाराची खिचडी बाभळीच्या लाकडांवर शिजत होती. धूर चौथीच्या वर्गात येई आणि आम्ही खिडकी लावून घेत असू. ती खिचडी सरकारची, शेड सरकारची, पातेले सरकारचे. फक्त फुंकणी तेवढी मावशींच्या हातात होती. पावतीवर नाव कोणाचे लिहाल?