पडद्यावरची समिती

२०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले, आणि संसदेच्या स्थायी समित्या मात्र जुलैपर्यंत भरल्याच नाहीत. काही अध्यक्षांनी व्हिडिओवरून बैठकीची परवानगी मागितली. कामकाज गोपनीय, नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. ब्रिटनच्या समित्या तोवर घरबसल्या मंत्र्यांना प्रश्न विचारत होत्या!

गोपनीयतेचं मला पटतं. खासदारामागे खोलीत कोण उभं आहे, कसं कळणार? पण साक्ष तरी पडद्यावरून घ्या. मेळघाटातल्या आशाताईला दिल्लीची वारी कशी परवडावी? खासदारांना आजारपणात, बाळंतपणात मुभा द्यावी. एरवी ३१ जणांनी समोरासमोरच बसावं. विरोधी बाकावरच्या माणसाशी चहा पिताना जे जमतं (शिक्षकखोलीत हे मी पुष्कळ पाहिलंय), ते पडद्यावर जमत नाही. बघा पटतंय का.