मध खाणारा : एका शब्दाची कुळकथा

उकारापुढे विजातीय स्वर आला की उकाराचा वकार होतो, हा संधीचा नियम शाळेत आपण सारेच पाठ करतो. सु आणि आगत मिळून 'स्वागत', मनु आणि अंतर मिळून 'मन्वंतर'. परीक्षा संपली की नियम वहीत मिटून राहतो. असल्या घोकंपट्टीचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात आणि पुष्कळदा पालकही त्यांचीच री ओढतात. आमच्या मते असे नियम म्हणजे शब्दांच्या घराण्याची किल्ली होय. ती हाती नसेल तर स्वभाषेचा अभिमानही डोळस राहत नाही. दाखल्यासाठी आम्ही मुद्दाम दूरचा शब्द घेतो : स्लाव भाषांतील अस्वलाचे नाव.

रशियन भाषेत अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात, चेक भाषेत 'मेद्व्येद'. या शब्दाचे अवयव दोन. पहिला मधाचा वाचक. तो आपल्या 'मधु'चा भाऊ. दुसरा खाण्याचा वाचक. तो संस्कृत 'अद्' धातूचा भाऊ, ज्यापासून आपला रोजचा 'अन्न' शब्द सिद्ध झाला. मध खाणारा तो मेद्वेद. मग मधला वकार कोठून आला? मधाच्या जुन्या शब्दाच्या अंती जो उकार होता, त्याचाच तो वकार. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 164 व्या सूक्तात पक्ष्यांना 'मध्वद' हे विशेषण लावले आहे. तेथेही नियम हाच.

केवळ कानावर विसंबणारा मात्र येथे फसतो. रशियन भाषेत 'वेदत्' म्हणजे जाणणे. हा धातू आपल्या 'विद्ये'च्या कुळातला. म्हणून 'मधाचा ठाव जाणणारा' अशीही व्युत्पत्ती लोक सांगतात. ती गोड आहे, पण खरी नव्हे. वकार हा उकाराचा आहे हे कळले की ती आपोआप गळून पडते.

अस्वलाला प्राचीन काळी दुसरेच नाव होते. संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्तोस' आणि लॅटिन 'उर्सुस' ही त्याचीच रूपे. स्लाव भाषांतून ते नाहीसे झाले. रानात त्या श्वापदाचे खरे नाव उच्चारले तर ते समोर येईल, या भयाने लोकांनी ते टाकले असावे, असा विचार फ्रेंच पंडित आंत्वान मेये यांनी 1906 साली मांडला आणि तो पुढे सर्वत्र मान्यता पावला. आपल्याला हे नवल वाटू नये. आपणही रात्री सापाला 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणतो, बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणतो आणि निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. रशियन शेतकऱ्याला तर पुढे मेद्वेद हे नावही नकोसे झाले. तो अस्वलाला लाडाने 'मिश्का' म्हणू लागला.

एकाच शब्दाची भावंडेही किती निरनिराळी झाली पाहा. युक्रेनियन भाषेत अक्षरांची अदलाबदल होऊन 'वेद्मीद' झाले. पोलिश भाषेत आरंभीच्या मकाराचा नकार होऊन 'न्येज्व्येच' झाले, आणि त्यातला मध आता कोणाला ओळखू येत नाही. बल्गेरियन भाषेत जुन्या शब्दाचे लाडके रूप 'मेचका' रूढ झाले. तेथे तो शब्द स्त्रीलिंगी आहे, इतरत्र पुल्लिंगी. व्याकरणाचा एक विशेषही ध्यानी घेण्याजोगा आहे. रशियन भाषेत 'मी टेबल पाहतो' म्हणताना नाम बदलत नाही. पण 'मी अस्वल पाहतो' म्हणताना ते षष्ठीचे रूप घेऊन 'मेद्वेद्या' होते, कारण ते सजीव. आपणही 'झाड पाहिले' म्हणतो, पण 'मुलाला पाहिले' म्हणतो. वाट निराळी, पण सजीव-निर्जीवाचा विवेक दोन्हीकडे आहे.

इतके साम्य दिसताच पुष्कळ जण म्हणतात, "पाहा, रशियनही संस्कृतातूनच निघाली!" या वृत्तीला आमचा विरोध आहे. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे आणि ते कदाचित आज उरलेलेही नसेल, असे सांगितले. म्हणजे संस्कृत ही या भाषांची माता नव्हे, बहीण होय. 'मेद्वेद' 'मध्वद'पासून निघालेला नाही. वडिलोपार्जित तेच शब्द आणि तोच नियम घेऊन दोन बहिणींनी आपापल्या घरी तो घडविला. माता म्हणविण्याच्या हव्यासाने खोटे बोलण्यापेक्षा बहीण म्हणून खरे बोलणे संस्कृतला अधिक शोभते.

आपण मराठी भाषक येथे अन्य भाषांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहत आहोत. कोणता शब्द कोणाचा, हा वाद आपल्या अंगणात नित्य चालतो. त्या वादात आवाज चढविण्याआधी विद्यार्थ्यांनी नियम विचारावा, पुरावा पाहावा. जो मुलगा 'स्वागत'मधला वकार समजून घेईल, त्याला दूरच्या रानातील अस्वलाचे नावही परके वाटणार नाही, मग शेजाऱ्याची भाषा तर नाहीच नाही.