नकार मिळण्याचा हक्क

"अपंग मुलामुलींच्या प्रेमावर विनोदी फिल्म? तीही काळा विनोद? पाप लागेल रे!" असं म्हणणारी मंडळी आमच्या घरात आहेत आणि ब्लॉगवाल्या दोस्तांतही आहेत. काका-मावश्यांनो, राग मानू नका, पण मला हे अजिबात पटत नाही. उलट मी म्हणतो, अशी पंधरा मिनिटांची एक फिल्म व्हावीच, आणि ती आमच्या मोलगीत व्हावी.

आता बघा, अपंगांना हसायला आपल्याला कधी संकोच वाटला? २००६ साली 'गोलमाल'मधला मुका लकी आला, त्याच वर्षी 'टॉम, डिक अँड हॅरी'मधले बहिरा, आंधळा आणि मुका असे तीन नायक आले. आपण पोट धरधरून हसलो. तेव्हा पाप लागलं नाही! सुप्रीम कोर्टाने ८ जुलै २०२४ रोजी 'आँख मिचौली' या चित्रपटाच्या खटल्यात नेमका फरक सांगितला आहे. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा. म्हणजे हसायला बंदी नाही. कोणाला हसायचं, एवढाच प्रश्न.

मग हसायचं कोणाला? त्याची पटकथा सरकारदरबारी तयार आहे. २०१४ साली महाराष्ट्र सरकारने अपंग-अव्यंग विवाहासाठी प्रोत्साहन योजना आणली. एकूण ५० हजार रुपये. त्यात २५ हजारांचं बचत प्रमाणपत्र, २० हजार रोख, साडेचार हजारांचं संसाराचं सामान आणि स्वागत समारंभाला ५०० रुपये! अट अशी, की अपंगत्व किमान ४० टक्के हवं. ३९ टक्केवाल्याचं लग्न विनाअनुदानित. आणि दोन अपंगांनी एकमेकांशी लग्न केलं, तर या मूळ योजनेत त्यांना काहीच नाही. पुढे सुधारणा झाल्या. पैसे गरजूला उपयोगी पडतात हेही मान्य. पण मुळातला हिशेब काय होता? धडधाकट माणसाने 'त्याग' केला, त्याची भरपाई.

सई परांजपे यांच्या 'स्पर्श'मधला (१९८०) अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध नेमका याच त्यागाला घाबरतो. कविता आपल्यावर प्रेम करते की उपकार करते, या शंकेने तो ठरलेलं लग्न मोडतो. पंचेचाळीस वर्षं उलटून गेली, आपण अजून कवितेच्या मोठ्या मनाचंच कौतुक करतोय.

हे मोलगीतच का, असं कोणी विचारेल. तर ऐका. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा आजार आहे, आणि आमच्या सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांना हा आजार काही नवा नाही. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी करून कार्ड देतात आणि लग्नाआधी दोघांची कार्डं ताडून बघा असं सांगतात. सल्ला बरोबरच आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे कार्डावरून कळलं तरी बाजारात कळत नाही. भगर-आमचूराच्या भावासोबत पोरीच्या रक्ताचीही चर्चा होते, आणि डॉक्टरांचा सल्ला पाहता पाहता पत्रिकेतला मंगळ होऊन बसतो. यापेक्षा काळा विनोद कोणता लेखक लिहिणार?

माझ्या डोक्यातली फिल्म साधी आहे. पोरगा कुबडीवर चालणारा, पोरगी सिकलसेलची रुग्ण. दोघांना भेटायचंय काठीच्या होळीला. पण जीपमध्ये चढायचं तर त्याला दोन माणसांचा हात लागतो, आणि हात देणारे दोघं भेटीलाही येऊन बसतात! एक टक्के विचारतो, दुसरा कार्ड मागतो. ज्याला मदत लागते त्याला चोरून भेटण्याची सोयच नसते, हे धडधाकट प्रेमिकांच्या कधी लक्षात येतं का? रात्रभर ढोल वाजतो. पहाटे पोरगी त्याला नकार देते. पायासाठी नाही. तो फार बोलतो म्हणून!

हाच माझा मुद्दा आहे. अपंग माणसाला आपण दयेने होकार देतो नाहीतर भीतीने नकार देतो. त्याच्या बडबडीला, कंजूषपणाला, घोरण्याला नकार द्यायचा तर आधी त्याला नीट ओळखावं लागतं, आणि तेवढे कष्ट आपण घेत नाही. ज्या दिवशी त्याला चारचौघांसारखा साध्या कारणासाठी नकार मिळेल, त्या दिवशी तो माणसांत जमा झाला म्हणायचं.

तेव्हा पापपुण्याचा हिशेब राहू द्या. अशा फिल्मला ज्यांना हसू येणार नाही, त्यांनी एकदा तपासून बघावं, पडद्यावरच्या त्या जीपमध्ये मधे बसलेले दोघं आपणच तर नाही ना?